बढतीची आशा नसलेली नोकरी



उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, असा क्रम आपल्या वाडवडिलांनीं लावून ठेवला होता. तो क्रम आज सर्वस्वीं उलटा झाला आहे. शेतकऱ्याच्या मुलास मुलगी देतांना शंभर वेळां विचार करणारा बाप, मुलगा नोकरीला आहे असें कळतांच पुढची चौकशीहि करीत नाहीं. परंतु ज्याला ती नोकरी लाभली त्याच्या मनाची स्थिति काय असते, हें त्या बापाला ठाऊक नसतें. पहिलीं पांच-सात वर्षें आनंदांत जातात. मग एके दिवशीं ध्यानांत येतें कीं, आपण ज्या खुर्चीवर पंचविसाव्या वर्षीं येऊन बसलों तिच्यावरच अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत बसावयाचें आहे. पगार वेळेवर होतो, वरिष्ठ माणूस सज्जन आहे, घर जवळ आहे, दुपारचें जेवण ऊन ऊन मिळतें. आणि तरीहि रात्रीं अंथरुणावर पडल्यावर ‘हें असेंच चालावयाचें काय?’ असा प्रश्न मनापुढें उभा राहतो. आज मी बोलणार आहें तें या प्रश्नाविषयीं.

जेथें पगार तीन-तीन महिने थकतो, वरिष्ठ उठतां बसतां अपमान करतो, किंवा काम प्रकृतीस मानवत नाहीं, अशा नोकरीचा विचार मी येथें करीत नाहीं. ती सोडावी कीं नाहीं हा प्रश्नच नसतो. दुसरी मिळेल कीं नाहीं एवढीच काय ती विवंचना. दुःखाच्या नोकरींतून माणूस धडपडून बाहेर पडतो. सुखाच्या नोकरींत तसें होत नाहीं. ती माणसाला बाहेर ढकलीत नाहीं आणि वरहि चढवीत नाहीं. तिच्यांत वर्षें कशीं सरतात हें केस पांढरे होईपर्यंत कळत नाहीं, आणि म्हणूनच तिचा विचार थोडा बसून करावा लागतो.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार विद्वत्तेचा नव्हे. मी मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. शिक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून १९७९ सालीं माणदेशांतील एका खेड्यांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत रुजू झालों आणि ३१ मे २०१७ रोजीं निवृत्त झालों. ही तारीख ऐकून कांहीं श्रोते खचित हंसले असतील. आमच्या पिढींतील खेड्यापाड्यांच्या पुष्कळ लोकांचा जन्म सरकारदरबारीं १ जूनचा आहे. शाळेंत नांव घालतांना आईबापांना तारीख सांगतां येत नसे आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळें मे महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळीं एकेका तालुक्यांत निरोपसमारंभांची अशी कांहीं गर्दी उडते कीं, हारवाल्याला हार पुरवितां पुरवितां नाकीं नऊ येतात.

तेव्हां बढती नसलेल्या नोकरींत मीं अडतीस वर्षें काढलीं आहेत. प्राथमिक शिक्षकाच्या शिडीला पायऱ्या किती, तें सांगतों. माझ्या सेवेच्या काळांतील नियमाप्रमाणें बारा वर्षें झालीं कीं वरिष्ठ वेतनश्रेणी मिळे. शिक्षकांच्या प्रश्नांचा विचार करण्यासाठीं १९८३ सालीं जो राष्ट्रीय आयोग नेमला गेला त्याचे अध्यक्ष प्राध्यापक चट्टोपाध्याय होते. त्यांच्या नांवावरून आम्ही त्या श्रेणीस ‘चट्टोपाध्याय’ असेंच म्हणत असूं. ‘गुरुजी, तुम्हांला चट्टोपाध्याय लागलें का?’ असें एकमेकांस विचारण्याची रीत होती. चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी. परंतु ती वरिष्ठ श्रेणींतील पदांच्या वीस टक्क्यांपुरतीच असल्यामुळें पुष्कळांच्या वाट्यास येत नसे, आणि माझ्याहि आली नाहीं. या दोहोंनीं पगार वाढतो, पद वाढत नाहीं. पद म्हणावें तर मुख्याध्यापकाचें. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या वर्गांत दीडशेंहून अधिक मुलें असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. आमच्या शाळेचा पट साठाच्या वर कधीं गेला नाहीं. अशा दोनशिक्षकी शाळेंत जो सेवेनें जुना तो ‘प्रभारी मुख्याध्यापक’ होतो. म्हणजे तांदळाच्या पोत्यांचा हिशेब, जनगणनेचे व निवडणुकीचे कागद, गळक्या छपराविषयींचे अर्ज हें सर्व त्याच्याकडे. पद मात्र त्याचें नव्हे. मी एकवीस वर्षें प्रभारी होतों.

त्यावर केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी अशा जागा आहेत. त्यांना पदवी लागते. १९८९ सालीं नाशिकचें मुक्त विद्यापीठ निघालें, तेव्हां माझ्या बरोबरीच्या कित्येक शिक्षकांनीं घरीं अभ्यास करून पदवी घेतली. त्यांतले दोघे पुढें केंद्रप्रमुख झाले. त्यांपैकीं एकाचें उदाहरण मला नेहमीं आठवतें. अपूर्णांक शिकविण्यांत त्यांचा हात धरणारा आमच्या तालुक्यांत कोणी नव्हता. एक भाकरी आणि एक सुरी घेऊन ते जें समजावून देत तें मुलगा जन्मांत विसरत नसे. केंद्रप्रमुख झाल्यावर त्यांच्याकडे दहा शाळा आल्या, मोटारसायकल आली, आणि रोज सायंकाळीं वरच्या कचेरींत पाठवावयाची माहिती आली. सहा वर्षांनीं मला भेटले तेव्हां म्हणाले, ‘गुरुजी, ह्या सहा वर्षांत मीं खडू हातांत धरला नाहीं.’ तक्रार नव्हती ती. ते सुखी होते. पण त्या तालुक्यांतल्या मुलांचे अपूर्णांक गेले ते गेलेच. लॉरेन्स पीटर नांवाच्या एका कॅनेडियन शिक्षणतज्ज्ञानें १९६९ सालीं रेमंड हल् या लेखकासह एक विनोदी ढंगाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील मुख्य सिद्धांत असा कीं, चांगलें काम करणाऱ्यास वर चढविलें जातें, वरचेंहि चांगलें केलें तर आणखी वर. आणि जें काम त्याला जमत नाहीं तेथें तो पोंचला म्हणजे त्याची चढती थांबते आणि तो तेथेंच कायम राहतो. पुस्तक थट्टेचें आहे, पण कोणत्याहि कचेरींत आठ दिवस बसणारास ती थट्टा वाटणार नाहीं.

याचा अर्थ बढती वाईट असें मी म्हणतों असें कोणी समजूं नये. द्राक्षें आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्याची भूमिका मला घ्यावयाची नाहीं. बढतीनें पैसा येतो, मान येतो, मुलीच्या लग्नांत चार माणसें अधिक येतात. मला म्हणावयाचें तें एवढेंच कीं, ‘येथें बढती आहे कीं नाहीं’ या एकाच प्रश्नानें नोकरीचा निकाल लावणें म्हणजे विहिरीचा निकाल तिच्या रहाटावरून लावण्यासारखें आहे. पाणी किती आहे तें आधीं पाहावें.

हें पाणी म्हणजे नोकरी संपल्यावर उरणारा वेळ, आणि त्या वेळांत शाबूत राहिलेली शक्ति. सुखाची नोकरी आपल्याला पगाराखेरीज ही एक गोष्ट देते, आणि ती पगारपत्रकावर कधीं लिहिलेली नसते. तिचें आपण काय करतों?

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचें नांव पंचांग वाचणाऱ्या जुन्या मंडळींस ठाऊक असेल. १८५३ सालीं दापोली तालुक्यांतील मुरूड येथें त्यांचा जन्म झाला. त्यांचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें, पुणें अशा ठिकाणीं त्यांनीं शिक्षकाची नोकरी केली. कोठल्याहि विद्यापीठांत त्यांना ज्योतिषाची गादी मिळाली नाहीं. तशी गादी त्या काळीं मॅट्रिक झालेल्या शिक्षकास देणार तरी कोण? परंतु शाळा सुटल्यावर हा मनुष्य जुन्या सिद्धांतग्रंथांच्या पोथ्या मिळवी, ताडून पाही, गणित करी. त्यांतून ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा पांचशेंहून अधिक पृष्ठांचा मराठी ग्रंथ तयार झाला आणि तो १८९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं रॉबर्ट सूएल या इंग्रज विद्वानाबरोबर त्यांनीं लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथहि बाहेर पडला. शिलालेखांवरील तिथि ताडून पाहावयाच्या म्हणजे अभ्यासक तो ग्रंथ हातीं घेत. १८९८ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षाच्या आंतच, दीक्षित वारले. त्यांना बढती मिळाली किंवा नाहीं याची चौकशी आज कोण करतो?

सोलापुरास सरकारी शाळेंत मुख्याध्यापक असलेले गणेश व्यंकटेश जोशी हे असेच. दिवसा शाळा, रात्रीं सरकारी अहवालांतले शेतसाऱ्याचे, आयात-निर्यातीचे, रेल्वेच्या खर्चाचे आंकडे. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत त्यांचे अर्थशास्त्रावरील लेख येत. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले, त्या साक्षीच्या तयारींत या शाळामास्तराच्या आंकड्यांचा वाटा मोठा होता.

आणि हेंच तत्त्व दुसऱ्या अंगानेंहि लागूं पडतें. चंद्रशेखर व्यंकट रामन हे १९०७ पासून दहा वर्षें हिंदुस्थान सरकारच्या हिशेबखात्यांत अधिकारी होते. त्यांच्या नोकरींत बढतीला मुळींच तोटा नव्हता. ते कलकत्त्यास असतांना कचेरीच्या आधीं आणि कचेरी सुटल्यावर बऊबझार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेंत काम करीत. १९१७ सालीं कलकत्ता विश्वविद्यालयानें त्यांना प्राध्यापकाची जागा देऊं केली, पुष्कळ कमी पगाराची. आणि ती त्यांनीं घेतली. दहा वर्षांत सकाळ-संध्याकाळचें काम दिवसाच्या कामापेक्षां मोठें झालें होतें, म्हणून त्यांनीं दिवसाचें काम सोडलें. दीक्षित राहिले आणि रामन गेले. पण दोघांचीहि फूटपट्टी एकच होती असें मला वाटतें. दोघांनींहि खुर्चीची उंची मोजली नाहीं.

येथें कोणी विष्णुशास्त्री चिपळूणकरांचें नांव घेईल, आणि घ्यावेंच. सरकारी शाळेंतील शिक्षक असतांना १८७४ सालीं त्यांनीं ‘निबंधमाला’ सुरू केली. पुढें त्यांची बदली रत्नागिरीस झाली आणि १८७९ सालीं त्यांनीं राजीनामा दिला. १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें. पुढच्या वर्षीं ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें निघालीं. आणि १८८२ च्या मार्चमध्यें शास्त्रीबुवा गेले. नोकरीबाहेरचें त्यांचें आयुष्य अडीच वर्षांचेंहि भरलें नाहीं. मला या हकीगतींत नेहमीं एक गोष्ट जाणवते. राजीनामा देण्यापूर्वीं पांच वर्षें ‘निबंधमाला’ चालू होती. रिकाम्या हातानें त्यांनीं नोकरी सोडली नव्हती. आजकाल तरुण मंडळी त्यांचा राजीनामा आठवतात आणि त्या आधींचीं पांच वर्षें विसरतात.

‘गुरुजी, हीं सगळीं थोर माणसें झालीं; आम्हीं सामान्यांनीं काय करावें?’ असें माझा एक जुना विद्यार्थी मला गेल्या वर्षीं म्हणाला. त्याचें म्हणणें रास्त होतें. तो एका सहकारी साखर कारखान्यांत हिशेबनीस आहे. वय छत्तीस, वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्याच्यावर दोनच जागा आहेत, आणि त्या दोन्ही जागांवरचे गृहस्थ त्याच्याहून चार-पांच वर्षांनींच मोठे. म्हणजे ते निवृत्त होतील तेव्हां यालाहि निवृत्तीचे वेध लागलेले असतील. पगार एकतीस हजार. पुण्याच्या एका व्यापारी कंपनीनें त्याला बावन्न हजार देऊं केले होते, आणि पुढें बढतीची आशाहि दाखविली होती. त्याच्या मनानें अर्धे बिऱ्हाड केव्हांच हलविलें होतें. विचारावयास आला तो खरें म्हणजे आशीर्वाद घेण्यास आला होता.

मीं त्याला पाटी दिली. माझ्याकडे अजून दगडी पाटी आहे. तिच्यावर त्यानें आंकडे मांडले. घर स्वतःचें, धान्य शेतांतलें, दूध गोठ्यांतलें, त्यामुळें गांवीं महिन्याचा खर्च अठरा हजार. शिल्लक तेरा हजार. पुण्यास भाडें पंधरा हजार; दूध, धान्य, भाजी नऊ हजार; मुलांची शाळा आणि रिक्षा सहा हजार; आईवडिलांकडे महिन्यांतून दोन फेऱ्या तीन हजार; बाकीचा संसार बारा हजार. एकूण पंचेचाळीस, शिल्लक सात. एकवीस हजारांची वाढ आणि शिलकेंत सहा हजारांची तूट! तो हिशेबनीस असून त्यानें हा हिशेब केला नव्हता, याचें मला नवल वाटलें नाहीं. लग्नाच्या मांडवांत शेजारी बसलेला मित्र आपल्या गाडीची किंमत सांगूं लागला म्हणजे चांगल्या चांगल्या हिशेबनिसांची वजाबाकी चुकते.

परंतु नुसत्या या आंकड्यांवरून ‘राहा’ असें सांगणेंहि बरोबर झालें नसतें. पुण्यास पांच वर्षांनीं पगार वाढला असता, मुलांना शिक्षणाची सोय झाली असती. पाटीवरचा आंकडा हा पहिल्या वर्षाचा आंकडा होता. म्हणून मीं त्याला विचारलें, ‘गळीत हंगाम संपल्यावर तूं काय करतोस?’ कारखाना दिवाळीच्या सुमारास पेटतो आणि उन्हाळा लागतां थांबतो; पुढें पावसाळाभर हिशेबखात्यांत काम बेताचें असतें. तो म्हणाला, दोन दूध संस्थांचे हिशेब लिहितों. २०१७ पासून वस्तु व सेवा कर आल्यानें बाजारांतले आठ-दहा दुकानदार विवरणपत्रें भरून घेण्यास माझ्याकडे येतात. एका संस्थेचा जुना घोळ मीं तीन महिने बसून निस्तरला. हें सांगतांना त्याचा आवाज बदलला. बावन्न हजारांविषयीं बोलतांना तो तसा बदलला नव्हता. पुण्याच्या कंपनींत सकाळीं नऊला जाऊन रात्रीं आठाला परत यावयाचें होतें. हें सर्व तेथें बंद झालें असतें.

मीं त्याला माझें मत स्पष्ट सांगितलें. ‘राहा, पण नुसता राहूं नकोस. सहकार खात्याची सहकार व लेखाशास्त्राची शासकीय पदविका परीक्षा असते, जिला सर्वजण जी. डी. सी. अँड ए. म्हणतात, ती दे. ती उत्तीर्ण झालास तर सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामिकेंत नांव लावण्याची वाट उघडते. आणि दुकानदारांचें काम फुकट करणें आधीं बंद कर.’ शेवटचें वाक्य ऐकून त्याच्या बायकोनें आंतून चहा पाठविला तो दूध-साखर जास्त घालून.

माझ्या स्वतःच्या बाबतींत असा प्रसंग १९९२ सालीं आला होता. शालोपयोगी पुस्तकें काढणाऱ्या एका प्रकाशकानें मला दुप्पट पगारावर बोलाविलें होतें. आई गांव सोडण्यास तयार नव्हती, आणि सरकारी पगाराच्या भरंवशाचा मोहहि होताच. तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण तिसरें एक कारण होतें. १९८६ च्या दुष्काळानंतर मीं शाळेमागच्या विहिरीचें पाणी मुलांकडून मोजवून वहींत लिहावयास आरंभ केला होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं दोरीला दगड बांधून मोजणें, आणि पावसाळ्यांत रोज पावसाची नोंद. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींचें पाणी वर्षांतून चार वेळां मोजते; आमची विहीर दर महिन्याला मोजली जाई. सहा वर्षांच्या नोंदी झाल्या होत्या, आणि वर्षानुवर्षांच्या ओळी एकाखालीं एक आल्यावर त्यांतून कांहीं तरी बोलूं लागलें होतें. ती वही दुसऱ्याच्या हातीं देऊन जावें असें मला वाटेना. निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षांच्या नोंदी झाल्या. गांवानें ओढ्यावर बांध घालण्याचें ठरविलें तेव्हां जागा निश्चित करण्यासाठीं ग्रामसभेंत ती वही उघडली गेली, आणि तीन बैठकांत न मिटलेला वाद एका दुपारीं मिटला. तिच्यावर मुलांचीं अक्षरें आहेत. त्यांतलीं कांहीं मुलें आतां स्वतः आजोबा होण्याच्या बेतांत आहेत.

आतां दुसरी बाजू. ती पहिलीइतकीच खरी आहे. माझी एक विद्यार्थिनी रसायनशास्त्राची पदवी घेऊन एका अनुदानित शाळेंत कनिष्ठ लिपिक झाली. सुखाची नोकरी. मुलांची पटसंख्या घटत चालल्यामुळें वरिष्ठ लिपिकाचें पद तेथें निर्माण होण्याचा संभव नव्हता. पण तिला खटकत होतें तें तें नव्हे. दुपारीं दोननंतर तिला काम नसे. आरंभीं ती त्या वेळांत वाचीत असे. मग विणूं लागली. मग नुसती बोलूं लागली. मग कोणाला काय मिळालें याचे हिशेब ठेवूं लागली. चार वर्षांनीं मला भेटली तेव्हां अर्धा तास इतरांच्या पगारांविषयीं बोलली. रसायनशास्त्राचा एकहि शब्द तिच्या तोंडांत आला नाहीं. मीं तिला म्हटलें, ‘बाई, तूं ही जागा सोड.’ ती चमकली. एकोणतिसाव्या वर्षीं तिनें राजीनामा दिला आणि माती-पाणी तपासण्याच्या एका खाजगी प्रयोगशाळेंत आधीं कमी पगारावर गेली. तिचा स्वभाव पूर्ववत् झाला, हें तिच्या आईनें मला सांगितलें. पगार किती झाला हें मीं विचारलें नाहीं. ज्या नोकरींत उरलेला वेळ माणसाला आंतून कुरतडूं लागतो ती नोकरी सुखाची दिसली तरी तींत राहूं नये, असें माझें ठाम मत आहे. आणि अशा माणसास बढती मिळाली तरी गुण येत नाहीं. तो वरच्या खुर्चीवर बसून तेंच बोलतो.

शिवाय सुखाची नोकरी म्हणजे पक्की नोकरी, हाहि एक भ्रमच आहे. आमच्या तालुक्याच्या गांवीं तारमास्तर म्हणजे केवढा मान! कट्ट-कडकट्ट करीत सबंध जगाच्या जन्ममरणाच्या वार्ता त्यांच्या बोटांतून जात. १४ जुलै २०१३ हा तारेचा शेवटचा दिवस ठरला. दूरध्वनीच्या सरकारी कंपनींत २०१९ सालीं स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सुमारें ७८ हजार लोकांनीं ती पत्करली. त्यांतले ज्यांना त्या खात्याबाहेरहि उपयोगी पडेल असें कांहीं येत होतें ते सांवरले. ज्यांना केवळ खात्याचें कामकाज तेवढें येत होतें, त्यांना पन्नाशींत अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागला. म्हणून राहणारानें वर्षांतून एकदां तरी स्वतःस विचारावें, ही कचेरी उद्यां बंद झाली तर मला येणाऱ्या कोणत्या कामाचे पैसे बाहेरचा मनुष्य देईल?

जे सोडण्याचा निश्चय करतील त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों, कारण या बाबतींत शिकलेले लोकहि फार गाफील असतात. जुन्या निवृत्तिवेतनाच्या नियमांत राजीनामा आणि स्वेच्छासेवानिवृत्ति यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. राजीनाम्यानें मागची सगळी सेवा पाण्यांत जाते. वीस वर्षांची पात्र सेवा झाल्यावर तीन महिन्यांची सूचना देऊन निवृत्ति घेतली तर निवृत्तिवेतन मिळतें. एकोणीस वर्षें आणि दहा महिने झाले असतां रागाच्या भरांत राजीनामा लिहिणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेंत आलेल्यांस सामान्यतः ही जुनी योजना लागू नाहीं. त्यांचें निवृत्तिवेतनाचें खातें नोकरी बदलली तरी त्यांच्याबरोबर जातें. म्हणजे ज्या दोरीनें आम्हांस दावणीला धरून ठेवलें ती दोरी नव्या पिढीच्या पायांत तेवढी घट्ट नाहीं. आमचीं मुलें फार लौकर नोकऱ्या सोडतात म्हणून कुरकुरणाऱ्या वृद्धांनीं हा फरक ध्यानांत घ्यावा. खाजगी नोकरींत भविष्यनिर्वाह निधीबरोबर जें निवृत्तिवेतन मिळतें त्याचा हक्क दहा वर्षांच्या सेवेनें येतो. नवव्या वर्षीं मन उठलें तर निदान दिनदर्शिका तरी पाहावी.

आणखी एक. असा विचार घरांत न सांगतां करूं नये. पुरुषमंडळी निश्चय करून मग बायकोला सांगतात, आणि ती गप्प बसली म्हणजे तिला पसंत आहे असें समजतात. कारखान्यांतला माझा तो विद्यार्थी पुण्याच्या जागेविषयीं माझ्याकडे येण्यापूर्वीं घरांत बोललाच नव्हता. पाटीवरील पंधरा हजार भाड्याचा आंकडा पाहून त्याची बायको जें बोलली तें त्याला माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षां अधिक पटलें. ती म्हणाली, ‘तिथं तुम्ही रात्री आठाला याल, आणि त्या दूधवाल्यांचं हिशेब कोण बघंल?’ त्यानें परीक्षेचा अर्ज भरला आहे. पेपर उन्हाळ्यांत, कारखाना थांबल्यावर. तोंवर पुण्याच्या कंपनीनें ती जागा भरली असेल. त्यानें पुन्हां चौकशी केलेली नाहीं. दुकानदारांकडून मात्र आतां विवरणपत्रामागें दोनशें रुपये घेतो, आणि एकानें घासाघीस केली तेव्हां माझ्याकडे बोट दाखवून मोकळा झाला.